पगार आखडला, मिशनला दिलेल्या शब्दाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या गृहस्थांच्या पाळ्या कमी झाल्या आणि हातात येणारा पगार ३४,००० वरून २१,००० वर आला. घरात सासूबाई, दोन शाळकरी मुलं, फ्लॅटचा दरमहा ९,२०० चा हप्ता. पगार बरा होता तेव्हा ते मंडळीत (चर्चमध्ये) ३,४०० दशमांश, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा, देत. त्याखेरीज अलिराजपूर जिल्ह्यात काम करणाऱ्या एका सुवार्तिकाच्या (ख्रिस्ती प्रचारकाच्या) कुटुंबाला दरमहा १,५०० पाठवायचा शब्द त्यांनी तीन वर्षांपूर्वी दिला होता. त्यांच्या पत्नीनं विचारलंय: अर्पण कमी केलं तर तो अविश्वास ठरेल का? क्रेडिट कार्डावर उचल घेऊन शब्द पाळावा का? आणि गेले दोन महिने पैसे गेलेच नाहीत, तर आता कोणत्या तोंडानं फोन करायचा?

ताई, सलाम. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते काम आजच्या आज करायचं आहे. फोन करा. हातात पैसे नाहीत म्हणून फोन टाळू नका, पैसे नाहीत म्हणूनच तो आधी करायचा.

इंदूरच्या एका मराठी मंडळीची खजिनदारी मी २१ वर्षं सांभाळली. त्याआधी महिला संघाचा हिशेब माझ्याकडे होता, आणि नोकरीही बँकेतली. रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर अर्पणाची पिशवी उलटी करायची, दोघांनी मोजायचं, तिसऱ्यानं वहीत लिहायचं आणि तिघांनी सह्या करायच्या. इतकी वर्षं हे केल्यावर पिशवीचं वजन हाताला कळायला लागतं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीनंतरच्या पहिल्या रविवारी पिशवी नाण्यांनी जड झाली होती आणि रक्कम मात्र नेहमीच्या पाव हिस्साही नव्हती. लोकांनी मुलांचे गल्ले फोडून आणले होते. वाईट दिवसांत माणसं द्यायची थांबतात असं मला कधी दिसलं नाही. ती बोलायची थांबतात, आणि नुकसान तिथं होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, ती चूक माझ्या हातून झालेली आहे.

२०२० च्या मार्चमध्ये उपासना बंद झाल्या आणि पिशवी फिरायची थांबली. आमच्या मंडळीतली बारा घरं मिळून अलिराजपूरकडच्याच एका सुवार्तिकाच्या कुटुंबाला महिन्याला १४,००० पाठवत असत. नवरा भिल्ल समाजातला, बायको नंदुरबारकडची, घरात मराठी बोलणारी. एप्रिलमध्ये बारांपैकी सातच घरांचे पैसे आले, मेमध्ये चारांचे. ज्यांनी दिले नाहीत त्या प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे अकरा देतच असतील. आणि मी, जिला सगळा आकडा दिसत होता, ती रोज ठरवायची की उद्या फोन करू. सांगायचं काय, या विचारानं हात मागे यायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या सुवार्तिकाच्या पत्नीचाच फोन आला. पैशाचा शब्द तिनं काढला नाही. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडून काही चुकलं का?"

ती तीन महिने हाच विचार करत बसली होती. फेब्रुवारीत त्यांनी पाठवलेल्या पत्रात काही वावगं लिहिलं गेलं का, मंडळीतल्या कुणाला भेटायला आले असताना नीट विचारपूस करायची राहिली का. नंतर तिच्या नवऱ्यानं फोन घेतला. तो शांतपणे बोलला, पण त्याचं बोलणं मला आजही लागतं. पैसे कमी येणार हे एप्रिलमध्ये कळलं असतं, तर त्यांनी किराणावाल्याकडे उधारी वाढवली नसती. दारात तीन शेळ्या होत्या, त्यांना तेव्हा गिऱ्हाईक होतं. जूनमध्ये गावात कुणाकडेच पैसा उरला नव्हता, शेळ्या पडत्या भावात गेल्या. म्हणजे आमच्या गप्प बसण्यानं त्यांचं वेगळं नुकसान झालं, जे न आलेल्या पैशांच्या वर होतं. ते आम्ही टाळू शकलो असतो, आणि त्यासाठी एक रुपयाही लागला नसता.

आता तुमचं घर बघू. तुम्ही आकडे मोकळेपणानं दिलेत, म्हणून मीही मोकळेपणानं मांडते. २१,००० मधून ९,२०० हप्ता गेला, उरले ११,८००. सासूबाईंचं इन्सुलिन आणि तपासण्या १,९००, उरले ९,९००. शाळेची फी आणि रिक्षा २,४००, उरले ७,५००. यात पाच माणसांचा किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल. पूर्वीचं अर्पण तसंच चालू ठेवलं तर त्यातून आणखी ४,९०० जातील आणि महिना काढायला २,६०० राहतील. हे होणारं नाही. तुम्हालाही ते ठाऊक आहे, म्हणून तर कार्डाचा विचार मनात आला.

कार्डावर उचल घेऊन अर्पण करू नका. ऋण काढून सण करू नये हे आपल्या आज्यांनी सांगितलंय, आणि अर्पणालाही ते तसंच लागू आहे. बँकेत मी अशी खाती पाहिली आहेत. कार्डावरची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे वर्षभरात चाळीस टक्क्यांच्या घरात. तुम्ही आज १,५०० द्याल आणि पुढची दोन वर्षं त्याचं व्याज मुलांच्या दुधातून जाईल.

मग काय करायचं? माझा सल्ला असा. पुढचे सहा महिने अलिराजपूरला ५००, आणि मंडळीच्या पिशवीत दर रविवारी ५०. एकूण ७०० झाले. तुमच्या घरातून हे निघतील, पण आरामात निघणार नाहीत, आणि निघावेत असं मला वाटतं. पगार आला की पहिल्या दिवशीच बाजूला काढा. महिनाअखेरीस उरलेल्यातून द्यायचं ठरवलं तर काही उरणार नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला हेच सांगितलंय (१ करिंथ १६): आठवड्याच्या पहिल्या दिवशी, जशी प्राप्ती असेल तसं, आपल्याजवळ काढून ठेवा.

मंडळीपेक्षा मिशनला जास्त का, असं पाळकसाहेब विचारतील. विचारलं तर माझं गणित त्यांना सांगा. आमच्या मंडळीच्या यादीवर १४० कुटुंबं आहेत. त्यातल्या एकानं हात आखडता घेतला तर विजेचं बिल तरीही भरलं जातं. त्या सुवार्तिकाच्या मागे मात्र बाराच घरं होती, त्यातलं एक गेलं की त्याच्या चुलीवर दिसतं. टंचाईच्या काळात मंडळ्या नेमकं उलटं करतात असा माझा अनुभव आहे. ध्वनियंत्रणा नवी येते, नाताळचा मांडव तेवढाच मोठा राहतो आणि मिशनच्या रकान्यापुढे "पुढील तिमाहीत बघू" असं लिहिलं जातं, कारण तो माणूस समोरच्या बाकावर बसलेला नसतो. मी खजिनदार असताना कमिटीत यावर दोनदा भांडले. एकदा हरले.

दशमांशाबद्दल तुमच्या मनात जी टोचणी आहे, तिच्यावर थोडं थांबते. तुमच्याच परिस्थितीतल्या लोकांना लिहिलेलं एक पत्र पवित्र शास्त्रात आहे आणि आपण ते याच दृष्टीनं क्वचित वाचतो. २ करिंथ ८ आणि ९ वाचा. करिंथच्या मंडळीनं यरुशलेमेतल्या गरजू बंधुजनांसाठी वर्गणी द्यायचा शब्द दिला होता. उत्साहानं दिला होता. वर्ष उलटलं तरी काम रखडलेलं होतं. पौल त्यांना काय लिहितो? आधी तो मासेदोनियातल्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, ज्यांनी कमालीच्या दारिद्र्यातही दिलं. हा भाग मिशन संडेला सगळे वाचून दाखवतात. पुढचा भाग वाचायचा राहून जातो. पुढे तो म्हणतो की काम पुरं करा, पण जे जवळ आहे त्यातून. देण्याची उत्सुकता असली की माणसाजवळ जे आहे त्या मानानं ते मान्य होतं, जे नाही त्या मानानं नव्हे. दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ओढाताण असा आपला हेतू नाही, हेही तो तिथंच लिहून ठेवतो.

तुमच्याजवळ आज जे आहे ते २१,००० आहे. ३४,००० आज नाहीत. त्यांचा दशमांश देव तुमच्याकडे मागत नाही. २१,००० चाही काटेकोर दहावा हिस्सा आज निघत नसेल तर मनाला खात बसू नका. दहावा हिस्सा ही चांगली सवय आहे, मी स्वतः ४० वर्षं पाळली आहे, पण सासूबाईंच्या इन्सुलिनमधून तो काढायचा नाही. यावर प्रभू येशू स्वतः बोलला आहे. मार्क ७ मध्ये जे लोक आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून देवाला वाहिल्याचं सांगत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडाला पानं पुसत, त्यांना त्यानं चांगलंच सुनावलं. १ तीमथ्य ५ मध्ये तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल याहून कडक शब्द आहेत. सासूबाईंचं औषध हे तुमच्या अर्पणाच्या आड येणारं काही नाही, तेही त्याच हिशेबात धरा.

आणि जवळच्या शेवटच्या दोन टोल्या (बारीक नाणी) भांडारात टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगून कुणी तुम्हाला दाबायला लागलं, तर मार्क १२ मधलं तिच्या आधीचं वचनही वाचा. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांबद्दलचा इशारा तिथं आहे, आणि लगेच ती विधवा भांडाराशी येते. ती गोष्ट देणाऱ्या बाईचा मान वाढवते. घेणाऱ्याला तिच्या दमडीवर हक्क सांगायला ती लिहिलेली नाही.

इथं मला राग येतो तो प्रकारही सांगते. मंदी आली की "बी पेरा" म्हणणारे उपदेशक वाढतात. हजार द्या, देव दहा हजार देईल. कर्ज आहे ना, मग दुप्पट द्या म्हणजे कर्ज फिटेल. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेनंतर आमच्या मंडळीतली एक बाई सोन्याची बांगडी गहाण ठेवून आली. नवऱ्याची नोकरी गेली होती. पैसे देऊन झाल्यावर तीन महिने ती दर रविवारी मला विचारायची, "बाई, माझ्या विश्वासात काय कमी असेल?" बांगडी गेलीच, वर दोष तिच्याच गळ्यात. उपदेशक केव्हाच पुढच्या गावाला गेले होते. ताई, देवाशी असा व्यवहार शास्त्रात कुठं नाही. मासेदोनियाच्या लोकांनी दिलं, आणि दिल्यानंतर ते श्रीमंत झाले असं पौल कुठंही लिहीत नाही.

मग द्यायचंच कशाला, इतकी तंगी असताना? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या घरात कुणीतरी विचारत असेल. "आधी पोटोबा" म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आणि त्याचंही काही खोटं नसतं.

आपण इंदूरचे ख्रिस्ती लोक या बाबतीत देणेकरी आहोत. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचं काम इथं १८७७ मध्ये सुरू झालं. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघालं. डॉ. एलिझाबेथ बीटींसारख्या बाया त्याच दशकात इथं येऊन बायकांसाठी दवाखाना चालवायला लागल्या. आपल्याला वाटतं की तिकडे पैशाच्या राशी पडल्या होत्या आणि त्यातली एक इकडे आली. तसं नव्हतं. १८७३ च्या बँकांच्या घसरणीनंतर सुरू झालेली मंदी कॅनडात १८७९ पर्यंत रेंगाळली होती. या बायकांना इकडे पाठवणारी तिथल्या स्त्रियांची परदेशी मिशन संस्था टोरोंटोमध्ये निघाली ती १८७६ साली, मंदीच्या ऐन मध्यात. तिथल्या गावोगावच्या बायकांनी महिन्याच्या बारीक वर्गण्या गोळा करून हे काम उभं केलं. त्यांच्यातल्या कुणी इंदूर पाहिलं नव्हतं. मंदी संपल्यावर देऊ असं त्यांनी म्हटलं असतं तर आपल्या कितीतरी आज्यांना अक्षरओळख झाली नसती.

आणि हे फक्त गोऱ्या लोकांचं असं समजू नका. मिझोराममध्ये १९१० पासून बायका दर वेळी भात शिजवायच्या आधी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी वेगळा काढतात. तो गोळा करून विकायचा आणि पैसे मंडळीच्या आणि मिशनच्या कामाला द्यायचे. पद्धत सुरू झाली त्याच्या पाठोपाठ, १९११-१२ मध्ये, तिथं बांबू फुलला, उंदीर माजले आणि पिकं फस्त होऊन मोठा दुष्काळ पडला, ज्याला ते मौताम म्हणतात. त्यातूनही मूठ चालू राहिली. आज मिझो मिशनरी देशभर काम करतात, त्यांच्यामागे अजून ती तांदळाची मूठ आहे. आपल्याकडे मुष्टिफंड हा शब्द शाळा-वसतिगृहांमुळे सगळ्यांना माहीत आहे. तेच हे.

माझ्या आईची मूठ मी जवळून पाहिली आहे. मिल बंद पडणं म्हणजे काय हे इंदूरकरांना सांगावं लागत नाही. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिच्या कामगारांच्या देण्यांचे पैसे निघाले ते २०२३ च्या डिसेंबरात. माझे बाबा दुसऱ्या एका मिलमध्ये विणकर होते, तीही बंद पडली. तोवर आई महिला संघात मिशनसाठी महिन्याला दहा रुपये द्यायची, ते थांबले. मी माहेरी गेले की पाहायची: पिठाच्या डब्याशेजारी डालड्याचा एक जुना डबा, झाकणाला मधोमध पोचा आलेला. परातीत पीठ घेतलं की मळायच्या आधी ती एक मूठ परत उचलायची आणि त्या डब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. बाबा एकदा वैतागून म्हणाले, "आपल्यालाच पुरत नाही आणि तू कुणाला वाटतेस?" आई म्हणाली, "पोळी पातळ लाटते मी." झालं, पुढे बोलणं नाही. महिन्याचं साडेतीन किलोच्या आसपास पीठ व्हायचं, ते शनिवारी पिशवीत भरून संघाकडे. तिथून मुलींच्या वसतिगृहात. वसतिगृहाला त्या साडेतीन किलोनं किती फरक पडला असेल ते मला माहीत नाही. आमच्या घराला पडला. बाबा वर्षभर खाटेवरून उठायला तयार नव्हते, कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही असं म्हणायचे. एका शनिवारी आईचा पाय मुरगळला होता, तेव्हा तेच ती पिशवी खांद्याला लावून निघाले. पुढे ते काम त्यांचंच झालं.

म्हणून मी तुम्हाला शून्य करा असं म्हणत नाही. सहाच महिने शून्य करून नंतर पुन्हा सुरू करू, असं म्हणणारी पुष्कळ घरं मी पाहिली. सुरू झालेली थोडी.

पैशाखेरीज काय पाठवता येईल, यावर एक-दोन गोष्टी. आपल्या माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत अजून आहे. चार-पाच घरांनी मिळून गहू घेतला, तर प्रत्येकी पाच किलो त्या कुटुंबाच्या नावानं काढता येतो. गंगवाल बस स्टँडवरून तिकडच्या गाड्या सुटतात, पोतं जातं. पण आधी विचारा. आम्ही एकदा न विचारता दीड क्विंटल गहू धाडला. तिकडे खाणं मक्याचं, गहू आधीच मिळालेला होता, आणि घरात तेल-साबण नव्हता. जुने कपडे तर न विचारता मुळीच पाठवू नका. फाटका स्वेटर घालून सुवार्ता सांगणाऱ्या माणसाकडे मंडळी कशी बघते हे त्या स्वेटरमधून गावाला कळतं.

तिकडची एक गोष्ट इथून लक्षात येत नाही. अलिराजपूर-झाबुआची माणसं पावसाळ्यानंतर मजुरीला गुजरातेत जातात आणि भगोरियाच्या जत्रांना, होळीच्या तोंडावर, परत येतात. तिथली बांधकामं थंडावली की हातात काही न घेता घरी येतात. मग जी मंडळी त्या सुवार्तिकाला अंडी, मका, उडीद देत असे तिच्याकडेच काही नसतं. उलट लोक त्याच्याच दाराशी येतात. तुमची मंदी आणि त्यांची मंदी एकाच वेळी येते, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. त्यात परदेशी पैशाचे नियमही बदलले. २०२० च्या सप्टेंबरातल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि त्यातल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून छोट्या कामाला जो ओघळ यायचा तो बंद झाला. तुमच्या ५०० ची किंमत पूर्वीपेक्षा वाढली आहे, ती यामुळे.

पावती घ्या, पैसे खात्यावरूनच पाठवा, उगाच कुणाच्या हाती रोख देऊ नका. पौलानंही त्या वर्गणीसोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला होता, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. आयकराची सवलत नव्या करपद्धतीत या देणगीला मिळत नाही, तेव्हा तो विचार सोडा. आणि धान्य, औषध गावात वाटलं जाणार असेल तर ते भुकेल्याला भुकेला म्हणूनच मिळालं पाहिजे, उपासनेला ये किंवा नको असं काही त्याला जोडू नका. २०२१ चा मध्यप्रदेशचा कायदा भेट-देणगी दाखवून धर्मांतर करणं हा गुन्हा मानतो. कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं, कारण भाकरीच्या बदल्यात मागितलेला विश्वास हा विश्वासच नसतो.

एक गोष्ट सांगायला तुम्हाला अवघड जाईल, म्हणून मी सांगते. तुमच्या पाळकांना घरची परिस्थिती कळू द्या. मंडळीत गरीब फंड असतो. तो दुसऱ्या कुणासाठी तरी आहे असं नोकरदार घरांना वाटतं. सासूबाईंच्या इन्सुलिनचे चार महिन्यांचे पैसे त्यातून घ्यावे लागले तर घ्या. एका हातानं ७०० देताना दुसऱ्या हातानं घेण्यात ढोंग नाही. आज तुमच्या विपुलतेनं त्यांची गरज भागावी आणि उद्या त्यांच्या विपुलतेनं तुमची, हे पौलानं त्याच आठव्या अध्यायात लिहिलंय.

२०२० च्या ऑक्टोबरात मला बस स्टँडवरून निरोप आला की तुमच्या नावानं दोन पोती आली आहेत. मी म्हटलं, चूक झाली असेल. जाऊन पाहिलं तर एकात मका, एकात उडीद. वर वहीच्या कागदाची चिठ्ठी, सुतळीत खोचलेली. पीक बरं आलंय, ज्या तीन घरांच्या नोकऱ्या गेल्याचं तुम्ही फोनवर सांगितलं होतं त्यांना द्या. त्या तीन घरांपैकी दोन घरं एप्रिलपासून त्यांना पैसे पाठवू शकली नव्हती. मी उडीद मोजून तीन पिशव्या केल्या आणि नेऊन दिल्या. एका घरातल्या गृहस्थांनी पिशवी हातात घेतली आणि बराच वेळ ती खाली ठेवलीच नाही. जूनमध्ये त्या बाईनं फोन केला नसता तर यातलं काही घडलं नसतं, आणि तो फोन खरं म्हणजे मी करायचा होता.

आता तुमचा फोन. संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा ते पाड्यांवर असतात आणि रेंज नसते. यजमानांनाही शेजारी बसवा, तुम्ही एकट्यानं हे ओझं घेऊ नका. सुरुवात पैशानं करू नका, आधी मुलांचं, शाळेचं विचारा. मग सरळ सांगा: पाळ्या कमी झाल्यात, दोन महिने पाठवता आलं नाही, ते कळवलं नाही ही आमची चूक झाली, आता मार्चपर्यंत ५०० येतील, पाच तारखेच्या आत येतील, मार्चमध्ये पुन्हा बोलू. राहिलेले दोन महिने भरून काढू असं आत्ता म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. त्यांचं काय चाललंय ते ऐकून घ्या आणि कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी तुमच्या खजिनदारांना हजाराची तूट कळवा, कारण ती भरायला दुसरं घर शोधणं हे त्यांचं काम आहे, आणि त्यांना आकडा लवकर हवा.